ही पुस्तक, हे पुस्तक

मे महिना अर्धा झाला की माझ्या क्लासमधल्या मुलांचे आवाज बदलतात. वर्षभर हसत-खिदळत शिकणारी ही मंडळी, परीक्षा पंधरा दिवसांवर आली की एकदम शाळकरी होतात. कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीत एका दातांच्या दवाखान्याच्या वर माझी एक खोली आहे. तिथं मी स्पॅनिश शिकवते. दुपारचे चार ही नाशिकच्या उन्हाळ्यातली सगळ्यात आळशी वेळ. पंखा गरम हवाच फिरवत असतो, खालच्या रसवंतीच्या घुंगरांचा आवाज वर येत असतो आणि बारा जण वहीत डोकं घालून पुटपुटत असतात. ला मेसा, ला सिया, एल लिब्रो, ला प्वेर्ता. टेबल, खुर्ची, पुस्तक, दार. प्रत्येक नामाच्या आधी 'एल' किंवा 'ला'. एल लागला तर ते नाम पुल्लिंगी, ला लागला तर स्त्रीलिंगी. तिसरी सोय नाही.

परवा ऋतुजानं पेन खाली ठेवलं. इंजिनिअर झालेली मुलगी, प्रत्येक गोष्टीचं कारण हवं असणारी. म्हणाली, "मॅडम, टेबल बाई आहे हे ठरवलं कोणी?"

सगळे हसले. मीही हसले, आणि दर वर्षी देते तेच उत्तर दिलं. भिंत 'ती', दरवाजा 'तो' आणि दार 'ते', हे तरी आपल्याला कोणी शिकवलं? दरवाजा आणि दार ही एकच वस्तू, तरी आपण कधी अडखळत नाही. टेबल काही खरोखरची बाई नसते. शब्दांची घराणी असतात, त्या घराण्याप्रमाणे त्यांच्याशी बोलायचं, एवढंच. आईच्या मांडीवर ज्याला जे मिळतं, ते त्याला फुकट मिळतं.

ऋतुजाचं समाधान झालं. माझं मात्र 'फुकट' या शब्दाशी अडलं. ज्याला ते फुकट मिळालं नाही असा एक माणूस मला चांगला माहीत आहे, आणि त्याला मी एकदा फार वाईट रीतीनं दुखवलं आहे. मे महिना आला की ते सगळं परत वर येतं.

माझे अब्बा बाइंडर आहेत. जुन्या नाशकात, दूध बाजाराच्या पुढच्या बोळात त्यांचं दुकान आहे. दोन माणसं आत बसली तर तिसऱ्यानं पायरीवर बसायचं, एवढं. शाळा-कॉलेजांना सुट्ट्या लागल्या की ग्रंथालयं वर्षभराची फाटकी पुस्तकं बांधायला काढतात, म्हणून आमच्याकडे मे महिना हीच सुगी. दुकानात मावत नाहीत तेव्हा गठ्ठे घरी येतात. दिवाणाखाली, जिन्यावर, कपाटावर, जिथं जागा तिथं पुस्तकं. इतरांच्या उन्हाळ्याच्या सुट्टीला आंब्याचा वास असतो. माझ्या सुट्टीला जुन्या कागदाचा आणि मैद्याच्या ताज्या खळीचा वास आहे. अब्बा त्या खळीत चिमूटभर मोरचूद टाकतात, म्हणजे पुस्तकाला कसर लागत नाही. तो निळा खडा पाण्यात विरघळताना बघायला मिळावा म्हणून मी लहानपणी पहाटे उठायची.

आमच्या घरात बोलतात ती हिंदी म्हणावी तर हिंदी नाही, उर्दू म्हणावी तर उर्दू नाही. 'नको' आणि 'ऐसाच' पोटात घेतलेली आमची नाशिकची बोली. तिच्यात दोनच लिंगं. किताब बाई, कागज पुरुष, पानीही पुरुष. उंबरा ओलांडला की मराठी, आणि तिथं एक तिसरं घराणं वाट बघत उभं. दूध ते, पाणी ते, पुस्तक ते, मूल ते. मी पहिलीपासून मराठी शाळेत गेले, त्यामुळे मला हे तिसरं घराणं कधी शिकावं लागलं नाही. अब्बा चौथीपर्यंत उर्दू शाळेत गेले आणि मग कामाला लागले. त्यांची मराठी बाजारात कमावलेली. ती भरपूर होती, गोड होती, पण तिच्यात 'ते' नव्हतं. "दूध गरम केला," ते म्हणायचे. "ही पुस्तक पार फाटली होती, तिला नवीन पाठ लावली." गिऱ्हाइकांना चालायचं. अब्बांनी बांधलेलं पुस्तक टेबलावर उघडलं की सपाट पडतं, आपोआप मिटत नाही. ते एकदा हातात घेतलेला माणूस व्याकरण बघत नाही.

मी मात्र बघायची. मराठीत मला नेहमी वर्गात सगळ्यात जास्त मार्क. वक्तृत्व, निबंध, हस्ताक्षर, सगळीकडे माझं नाव. आठवीत आमच्या मराठीच्या बाई कौतुकानं म्हणाल्या होत्या, "तुझं मराठी ऐकून वाटत नाही हं, नसरीन." काय वाटत नाही, ते बाई बोलल्या नाहीत. मीही विचारलं नाही. ते अर्धवट वाक्य मी पुढे कितीतरी वर्षं बिल्ल्यासारखं छातीवर लावून फिरले.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षातली गोष्ट. माझ्या कॉलेजच्या ग्रंथालयाचं काम अब्बांकडे मी तिथं जायच्या आधीपासून होतं. त्या दिवशी मी वाचनकक्षात चार मैत्रिणींबरोबर बसले होते आणि अब्बा गठ्ठे घेऊन आले. घामानं सदरा पाठीला चिकटलेला, खांद्यावर टॉवेल. मला बघून त्यांना इतका आनंद झाला की ते काउंटरवरून एक पुस्तक उचलून आमच्या टेबलाशीच आले. कुठलासा जाड शब्दकोश होता. मैत्रिणींना मराठीतून सांगायला लागले, की ही पुस्तक तीन तुकड्यांत आली होती, तिचा एकही पान हरवू दिला नाही, आता अजून पन्नास वर्षं तिला काही होत नाही. एका मैत्रिणीच्या ओठाचा कोपरा जरासा हलला. काउंटरमागचा शिपाईही हसला असावा. त्या हसण्यात फार काही वाईट नव्हतं, हे आज मला कळतं. तेव्हा मात्र माझे कान तापले.

"अब्बा, ही पुस्तक नाही," मी म्हणाले. "हे पुस्तक. हे."

वाचनकक्षात तसंही कोणी बोलत नसतं. माझा आवाज पार शेवटच्या टेबलापर्यंत गेला. दोघी-तिघी खुदकन हसल्या. अब्बा म्हणाले, "हो, हे." मग त्यांनी तो शब्दकोश दोन्ही हातांनी नीट काउंटरवर नेऊन ठेवला, सही घेतली आणि गेले. घरी त्याविषयी एक शब्द बोलले नाहीत.

पण त्या दिवसानंतर ते माझ्यासमोर मराठी बोलेनासे झाले. माझ्या मैत्रिणी घरी आल्या की "बसा" म्हणायचे आणि आत जायचे. दुकानात मी असताना कोणी काही विचारलं तर हो किंवा नाही. गिऱ्हाइकाचा फोन वाजला की माझ्याकडे द्यायचे, तू बोल म्हणायचे. आमचं घरातलं बोलणं होतं तसंच चालू होतं, त्यात माया कमी झाली नाही. मला ते बेटाच म्हणत राहिले. एकदा लहानपणी मी विचारलं होतं की मी तर मुलगी, मग बेटा कशी? तेव्हा म्हणाले होते, बेटी तर तू आहेसच, ते सांगायला कशाला पाहिजे. बेटा हाक मारायला. तर ती हाकही तशीच राहिली. फक्त मराठी गेली. आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटलं होतं. तीन वर्षं मला त्यांचं गप्प राहणं सोयीचं वाटत होतं.

मग स्पॅनिश आली. बी. कॉम. झाल्यावर एका निर्यात कंपनीत नोकरीची शक्यता निघाली. माल दक्षिण अमेरिकेत जायचा, तिकडच्या लोकांशी बोलायला माणूस हवा होता. मेमधली परीक्षा पास झालीस तर ये, असं त्यांनी सांगितलं. मी वैद्य मॅडमकडे क्लास लावला. मला वाटलं होतं, भाषा म्हणजे आपल्या हातचा मळ. पहिले तीन महिने तसंच गेलंही. क्रियापदं पाठ झाली, उच्चार जमले. पण बोलायला तोंड उघडलं की प्रत्येक नामापाशी ठेच लागायची.

कारण माझ्या डोक्यात तीन कप्पे होते आणि तिथं दोनच. मराठीतलं जे जे 'ते', ते उचलून कुठं ठेवायचं? मॅडमनी सोपा नियम दिला होता: ओ-कारान्त शब्द पुल्लिंगी, आ-कारान्त स्त्रीलिंगी. मी त्या नियमाला धरून चालू लागले, तर नियमच मधेच हात सोडून द्यायचा. दिवस म्हणजे 'दीआ', शेवटी आ, पण एल दीआ. हात म्हणजे 'मानो', शेवटी ओ, पण ला मानो. 'प्रोब्लेमा'सुद्धा पुल्लिंगी. सराव परीक्षेत मॅडमनी मला आपल्या घराविषयी बोलायला सांगितलं. मी उभी राहिले आणि पहिल्याच वाक्यात चुकले. मॅडम म्हणाल्या, "ला." मी पुढे गेले. "एल." पुन्हा पुढे. "ला, नसरीन, ला." त्या रागावल्या नव्हत्या, त्या फक्त दुरुस्त करत होत्या. पण मला काय सांगायचं होतं तेच माझ्या हातून निसटून गेलं. मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. त्यानंतर त्यांनी जे विचारलं त्याला मी 'सी' आणि 'नो' एवढीच उत्तरं दिली. हो आणि नाही.

पुढच्या दोन तासांनाही तसंच. शेवटी मॅडमनी मला थांबवून घेतलं. म्हणाल्या, "तुला येतं सगळं. पण तू बोलतच नाहीस. गप्प माणसाला कोण पास करणार?"

गप्प बसायची ही तऱ्हा मी तीन वर्षं घरात रोज बघत होते, आणि तरीही त्या दिवशी ती मला ओळखता आली नाही.

परीक्षेला तीन आठवडे राहिले होते. अब्बा फजरची नमाज पढून आले की ऊन चढायच्या आत गॅलरीत कामाला बसायचे. मीही माझे कागद घेऊन समोर बसू लागले. पहाटेचा गारवा, गोदावरीकडून येणारा थोडासा वारा, समोरच्या मशिदीच्या छतावर कबुतरं. अब्बांच्या सुईचा कागदातून जाताना होणारा बारीक आवाज. मी पुटपुटत असायची. दोन-तीन दिवस त्यांनी ऐकून घेतलं, मग एकदा नजर न उचलता विचारलं, की हे एल-ला, एल-ला काय आहे?

मी सांगितलं. प्रत्येक वस्तू पुरुष किंवा बाई, बाकी काही नाही.

अब्बांची सुई थांबली. "दोच?" ते म्हणाले. "फिर तो अपने जैसी है."

माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. तीन कप्प्यांची मराठी घेऊन मी ठेचकाळत होते, आणि दोन कप्प्यांची भाषा माझ्या घरात, माझ्या तोंडात जन्मापासून होती. मी ती क्लासच्या दाराबाहेर चपलेसारखी काढून ठेवत होते.

मग रोज पहाटे आमचा खेळ सुरू झाला. पुठ्ठ्यावर लावायच्या कागदाची कात्रणं पडलेली असायची, निळी आणि तांबडी. निळ्यावर एलचे शब्द, तांबड्यावर लाचे. मी मराठीत किंवा आमच्या बोलीत शब्द सांगायची, अब्बा आमच्या हिशोबानं पुरुष की बाई ते सांगायचे, आणि मग मी स्पॅनिशमध्ये काय आहे ते सांगायची. कुर्सी बाई, तिथंही बाई. खिडकी बाई, तिथंही बाई. रात बाई, दिन पुरुष, तिथंही तसंच. प्रत्येक जुळलेल्या शब्दाला अब्बा मान हलवायचे, जणू लांबचा कोणी नातेवाईक भेटला. सुई तिथंही बाई आणि धागा तिथंही पुरुष आहे हे कळल्यावर तर ते फार खूश झाले; म्हणाले, कारीगर लोक आहेत. जे जुळायचं नाही त्यावर थोडी चर्चा व्हायची. दिल जुळला, हाथ जुळला नाही. चाँद तिथं बाई आहे हे त्यांना पटायला दोन दिवस लागले. अम्मी चहा घेऊन यायची आणि म्हणायची, सकाळी सकाळी काय घरातल्या सामानाची लग्नं लावत बसलात दोघं.

किताब निघाली त्या दिवशी मी जरा कचरले. आमच्याकडे किताब बाई, तिथं लिब्रो पुरुष. मी तो शब्द पटकन म्हणून पुढे गेले. अब्बांनी नुसतं "अच्छा" म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पाणी निघालं. मी वाचलं, एल आग्वा. अब्बा म्हणाले, म्हणजे पुरुष, आपल्यासारखाच. मी म्हटलं, नाही अब्बा, इथंच गंमत आहे. आग्वा बाई आहे. थंड पाणी म्हणताना 'थंड' शब्दाचं रूप बायकीच येतं. फक्त एक पाणी असेल तर आधी एल लावतात, कारण 'ला आग्वा' म्हणताना दोन आ एकमेकांवर आपटतात, जिभेला त्रास होतो. अनेक पाणी असेल तर मग खरं रूप बाहेर येतं, 'लास आग्वास'. एकट्याला पाहिलं तर फसायला होतं, घोळक्यात पाहिलं की कळतं.

अब्बांनी हातातलं पुस्तक मांडीवर ठेवलं. मग आमच्या बोलीत, हळूहळू, आठवत आठवत सांगायला लागले.

ते कामाला लागले ते वामनराव नावाच्या एका बाइंडरकडे, रविवार कारंजाजवळ. मराठीचा एक शब्द येत नव्हता. सगळी भाषा त्या दुकानात कानानं घेतली. आणि त्या दुकानात एकटं पुस्तक कधी कोणी आणायचंच नाही. गठ्ठेच यायचे. ही पुस्तकं आली. ही पुस्तकं बांधायची. ही पुस्तकं पोचवून ये. दिवसभर तेच कानावर. ही पुस्तकं, ही पुस्तकं. मग कधीतरी एकच पुस्तक हातात घेऊन बोलायची वेळ आली, तेव्हा त्यांनी विचार केला, की 'पुस्तकं'चं 'पुस्तक' झालं, आधीचं 'ही' तर तेच राहणार. आणि किताब बाईच असते. सगळं बरोबर जुळत होतं.

"मैंने एक पुस्तक कभी सुनीच नहीं थी," ते म्हणाले.

मी तांबड्या कागदाचा तुकडा हातात धरून बसले होते. शाळेत दहा वर्षं मराठी शिकून, सगळ्या स्पर्धा जिंकून, मला कधी दिसलं नव्हतं की 'हे पुस्तक' अनेक झालं की 'ही पुस्तकं' होतं. रोज तोंडात असलेलं रूप. अब्बांनी ते ऐकलं होतं. मी ज्याला अडाणीपणा समजले, तो कान देऊन ऐकणाऱ्या माणसानं बांधलेला, अगदी सरळ असा एक अंदाज होता. पन्नास पुस्तकांवरून त्यांनी एका पुस्तकाचा अंदाज केला. आणि मी त्यांना भर वाचनकक्षात, शेवटच्या टेबलापर्यंत ऐकू जाईल असं थांबवलं.

मी म्हणाले, "अब्बा, उस दिन लायब्ररी में…"

पुढचं वाक्य येईना. अब्बांनी ते यायची वाटही पाहिली नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मराठीत बोलले. तीन वर्षांत माझ्याशी पहिल्यांदा मराठीत.

"तू बरोबरच बोलली होती. फक्त जोरात बोलली."

एवढंच. त्यात राग नव्हता, कडवटपणा नव्हता. पुस्तकाची कुठली शिवण उसवली आहे ते बोटानं दाखवावं, तसं. मी रडले. त्यांनी मला रडू दिलं, आणि थोड्या वेळानं आमच्या बोलीत म्हणाले, ऊन यायला लागलं, खळ सुकतेय, ब्रश दे.

परीक्षा दुसऱ्या शहरात होती. तोंडी परीक्षेला समोर एक पिकल्या केसांच्या बाई होत्या. त्यांनी मला एक चित्र दाखवलं, त्यात कसल्यातरी कारखान्यात माणसं काम करत होती. मी त्या चित्रावरून माझ्या वडिलांच्या कामावर कधी गेले ते मला कळलंच नाही. सुई, धागा, कागद, कापड, हात. मी चुकत होते, मला ऐकू येत होतं की मी चुकतेय. बाईंनी एकदाही मला मधे थांबवलं नाही. माझं वाक्य संपेपर्यंत त्या थांबायच्या, आणि मग त्याच शब्दाचं बरोबर रूप आपल्या पुढच्या प्रश्नात घालून विचारायच्या. दुरुस्ती होत होती आणि मी बोलत होते. असंही करता येतं, हे मी त्या खोलीत शिकले. आज माझा क्लास चालतो तो त्या दहा मिनिटांवर.

मी पास झाले, बेताच्या मार्कांनी. नोकरीही लागली. मला वाटलं होतं, आता अब्बा पुन्हा बोलू लागतील. तसं झालं नाही. मी मुद्दाम मैत्रिणींना घरी बोलवायची, मुद्दाम दुकानात जाऊन बसायची, फोन वाजला तरी घ्यायची नाही. अब्बा हो आणि नाहीच्या पुढे जात नव्हते. एकदा मी फार आग्रह केला तेव्हा अम्मीनं मला आत बोलावून सांगितलं, की आधी तू त्यांना गप्प केलंस, आता बोलायला लावू नकोस. दोन्हीत हुकूम तुझाच. अम्मीचं बरोबर होतं. जे एका वाक्यानं गेलं होतं ते एका माफीनं परत येणार नव्हतं. मी आग्रह सोडला.

पुढे मी शिकवायला लागले, आणि शिकवायचं म्हणून त्या भाषेचं मागचं पुढचं वाचू लागले. एका रात्री जेवणं झाल्यावर मला एक गोष्ट सापडली आणि मी तशीच उठून अब्बांकडे गेले. ते दिवाणावर पाय सोडून बसले होते. मी सांगायला लागले. स्पॅनिशची आई लॅटिन. त्या आईकडे मराठीसारखीच तीन लिंगं होती. झाडाचं पान, कागदाचं पान, ते तिच्याकडे आपल्यासारखंच नपुंसकलिंगी होतं. ते पान. पण पानं कोणी एकेक बघत नाही, ढीगच बघतात. त्या ढिगाचं रूप 'फोलिआ', शेवटी आ, ऐकायला अगदी बायकी शब्दासारखं. लोकांनी ढिगाचा तो शब्दच एका पानाला लावून टाकला आणि पानाला बाई करून टाकलं. त्याचं आजचं रूप 'ला ओखा'. आज कोट्यवधी लोक कागदाच्या पानाला 'ला ओखा' म्हणतात, आणि शाळेत तेच बरोबर म्हणून शिकवतात.

"म्हणजे त्यांनी तुमच्यासारखंच केलं, अब्बा. गठ्ठ्यावरून."

अब्बांनी डोळे बारीक केले. दोनदा मला तो शब्द म्हणायला लावला. मग विचारलं, तेव्हा त्यांना कोणी टोकलं नसेल का? शिकलेले लोक असतील की तिकडेही.

मी म्हटलं, टोकलं असणार. हसलेही असतील.

"फिर?"

"फिर भी बोलते रहे."

अब्बा हसले. मोठ्यांदा हसले, इतके की अम्मी आतून बघायला आली. ते तिला म्हणाले, इसकी स्पॅनिश अच्छी है. त्यांनी बाकी काही म्हटलं नाही, आणि मीही विषय वाढवला नाही. पण त्यानंतर महिन्याभरानं एकदा मी दुकानाच्या पायरीवर पोचले तेव्हा ते आत फोनवर बोलत होते, एका शाळेच्या मुख्याध्यापकांशी, मराठीत. मी आत न जाता बोळाच्या तोंडाशी जाऊन उभी राहिले, फोन संपेपर्यंत.

यंदाच्या मे महिन्यात मुलांनी हट्ट धरला की वर्षभराच्या नोट्स बांधून हव्यात. परवाच्या शनिवारी पाच जण माझ्याबरोबर दुकानात आले. दोघं आत, बाकीचे पायरीवर. अब्बांना आता जाड चष्मा लागतो, काम थोडं हळू होतं. कोणीतरी विचारलं, की काका, नुसतं चिकटवत का नाही, शिवता कशाला? अब्बांनी एक जुनं पुस्तक उलटं धरलं, त्याची पाठ दाखवली आणि बोलू लागले. चिकटवलेली पानं कशी निसटतात, शिवलेली कशी एकमेकांना धरून राहतात. कापड आधी कसा भिजवायचा, कसा ताणायचा. त्यांच्या बोलण्यात 'तो' आणि 'ती' आपल्या मर्जीनं येत-जात होते. ऋतुजानं माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, फक्त प्रश्न होता. मी व्याकरणाची मास्तरीण, मी काय करते ते तिला बघायचं होतं.

अब्बांचं सांगून झालं होतं, ते पुन्हा कामाकडे वळणार होते. मी विचारलं, "अब्बा, आणि खळ किती पातळ ठेवायची?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. वयाच्या सहाव्या वर्षापासून ती खळ मी ढवळत आलेय, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? तरी त्यांनी हातातलं पुस्तक बाजूला ठेवलं, पायरीवरच्या मुलांना जवळ सरकायला सांगितलं, आणि पार बोळापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगायला सुरुवात केली.